पान्यावरची पोर काठावर उतरली

फडकं तितंच होतं. बाजंच्या पायाला माज्या हातची गाट तशीच, आन् दुसरं टोक फरशीवर मोकळं पडलेलं. पोरगी न्हाय.

मी आत बगितलं, सैपाकघरात, न्हानीत, बाजंखाली, दाराच्या मागं, सगळीकडं एका दमात बगितलं आन् परत बाजंपाशीच आले, जसं काय तेवड्यात ती येऊन बसली असंल. माज्या मैतरनीची सासू, तिला आमी दोगीबी आत्या म्हनतो, हातात भाकरीचा कोर घेऊन आतनं आली. म्हनली, हितंच तर होती की, तिलाच द्यायला भाकरी आनाय गेले.

"आत्या, गाट कुनी सोडली?"

"मीच सोडली. लेकरू हाय का शेरडू, बांदून ठेवायला?"

ती वाईट मनानं म्हनली न्हाय. पन मला जे म्हाईत होतं ते तिला म्हाईत न्हवतं. दुसरं लेकरू अंगनाच्या कडंला जातंय, मागं वळून आईला बगतंय, खाली बसून माती खातंय. माजी पोरगी थांबत न्हाय. तिला थांबायचं म्हाईतच न्हाय. ती होडीत चालाय शिकली, कमरंला फडकं बांदून, आन् होडीत ती चालायची ते फडकं तानंपतोर. फडकं तानलं की वळायची. कड कुटं हाय, कुटं थांबायचं, ते तिच्या वाटचं फडक्यालाच म्हाईत. आता ते फडकं हितं पडलेलं. म्हंजे ती निस्ती सरळ चालत सुटली असंल.

घराच्या फुडं ऊस, ऊस संपला की धरनाचं पानी. घराच्या मागं शेततळं, काळा कागद अंथरल्यालं, त्यात मांजर पडलं तर मांजराला वर येता येत न्हाय.

हे कसं झालं ते सांगाय मला जरा मागं जावं लागतंय, न्हायतर तुमी म्हनाल ही कसली बाई, लेकराला बांदते.

माजं माहेर मंद्रूपकडचं. बाप आठवड्याच्या बाजारात सुकट-बोंबील विकायचा. जातीनं आमी पान्यातली मानसं, पन मी पानी बगितलं ते टँकरच्या पाइपातनं पडतंय तेवडं. नववीत शाळा सुटली, लगीन झालं, आन् सासर उजनी धरनाच्या काठाला. मालक धरनात जाळं टाकतात. उनाळा लागला, पानी मागं हटाय लागलं, की मासं जिकडं जातील तिकडं होडी जाती, हा काठ, तो काठ, पार पावसाळा तोंडावर येईपतोर. आदी मालक भावाला घेऊन जायाचे. भाऊ पुन्याला कंपनीत लागला, मंग मी. एकानं वल्हं मारायचं, एकानं जाळं सोडायचं, एकट्याचं काम न्हाय ते. लेकरू अंगावर पीत होतं, ते बरोबर आलं.

पैल्या दिवशी मी होडीच्या मदी बसले ती लाकडं धरूनच. मला पवता येत न्हाय, आजून येत न्हाय. सासूनं जायच्या आदी जुनं लुगडं फाडून त्याचा पट्टा वळून दिला होता आन् दावलं होतं, कमरंला आशी गाट, होडीच्या आडव्या लाकडाला तशी, फडकं येवडंच ठेवायचं की लेकराचा हात कडंला पोचंल पन पोट पोचनार न्हाय. तिची सगळी पोरं आशीच वाडली. मालकांनाबी आसंच बांदल्यालं होतं. मला बी आदी कसंतरीच वाटलं. मंग एकदा पोरगी माशाला धराय वाकली आन् फडकं तानलं आन् ती मागं बसली धपकन, तवापासनं मी गाट रोज दोनदा वडून बगते.

पन भ्या वाटायचं तसं बगावंसंबी लई वाटायचं. खाली काय हाय? मालक सांगायचे, हितं खाली गाव हाय, हितं हीर होती, हितनं मोटाररस्ता जायाचा. मी वाकून बगायची, एका हातानं लाकूड धरून. हिरवं पानी, दुसरं काय न्हाय. मी इचारायची, मंग ती हीर आजून हीर हाय का, का सगळं पानी एकच झालं? मालक हसायचे. म्हनायचे, तुजं डोस्कं शाळेत असतं तर मास्तरीन झाली असतीस. फोनवर नकाशा उगडला की सगळं निळं आन् त्यात आमी एक ठिपका. ठिपका हळू सरकायचा. मला त्याचंबी नवल. आपन हलतोय ते त्या फोनला कसं कळतंय?

काठावर आमची वळकीची घरं झाली होती. कुटं मालकाचा दोस्त, त्याची मेंढरं, तो दूद द्यायचा, आमी मासं द्यायचो. कुटं एक म्हातारी, तिला निस्तं बोलायला मानूस पायजे असायचं. होडीवाल्यांची रीत हाय, कुनाच्याबी रानाला होडी लावायची तर आदी पान्यातनंच हाळी द्यायची. वरनं "या" आलं की मंगच पाय खाली टाकायचा. हाळीला उत्तर न्हाय आलं तर फुडं जायाचं. कारन काठाला लोकांच्या मोटारी असतात, वायरी असतात, पाइप असतात, कुनी चोर समजंल.

आन् माजी मैतरीन. शाळेत एका बाकावर होतो आमी. तिला दिली माढ्याच्या अंगाला, ऊसवाल्यात, बागाइतदार. तिचा एक दिवस फोन, म्हनली, आमच्या रानावरनं जाता आन् उतरत न्हाईस व्हय गं, लई मोटी झालीस. तिनं लोकेशन टाकलं. ठिपका तिच्या रानापाशी आला तवा मालकानं हाळी दिली, आन् वरनं "या" न्हाय आलं, तीच आली पळत, उसातनं, डोईवरचा पदर पडलेला.

मालक मला आन् पोरीला उतरवून होडी घेऊन फुडं गेले. व्यापाऱ्याची गाडी पलीकडं लागती, त्याला माल द्यायचा होता. म्हनले, दुपार कलली की येतो. उतरताना पाय जमिनीला लागला तरी मला जमीन हलतीय वाटत होतं. मैतरीन म्हनली, दारू पिऊन आलीस का काय.

तिचं घर मी डोळं फाडून बगितलं. चकचकीत फरशी. म्हशीला दूद काडायचं मशीन, ते चुक चुक करतंय आन् म्हस गप उबी. मी त्या मशीनपाशीच उबी ऱ्हायले किती येळ. आन् ती मला इचारतीय होडीचं. सैपाक कुटं करता? पत्र्याच्या डब्यात चूल हाय म्हनलं. वारं सुटलं तर? तर चटनी-भाकर. झोपता कुटं? तितंच, ताडपत्रीखाली, तिगं. तिगं झोपता आन् होडी हलत न्हाय व्हय, म्हनली, आन् आपली आपनच लाजली. मंग हळूच, सासूला ऐकू जाऊ ने म्हनून कानापाशी, "रातच्याला परसाकडं कुटं जाती गं?" मी म्हनलं, अंधार पडायच्या आदी काठाला लागायचं, न्हायतर पोट धरून बसायचं. ती हसून हसून खाली बसली. म्हनली, मी तर एक दिवस टिकायची न्हाय तुज्या बंगल्यात.

आन् मी एक घोळ करून बसले होते. भेटाय जायाचं म्हनून मोटी मरळ राखून ठेवली होती, ओल्या गोनपाटात गुंडाळून. तीच काडून आत्याच्या फुडं धरली. आत्याच्या गळ्यात माळ. तिनं पदर नाकाला लावला न्हाय, वंगाळ बोलली न्हाय, निस्तं म्हनली, बाई, ते आत आनू नगं. मला वाटलं धरती फाटावी. पान्यावर बगावं त्या घरात मासंच असतंय, मला डोक्यातच आलं न्हाय की कुनाच्या घरात मासं चालत न्हाय. मैतरीन मातर मरळीकडं बगत होती. लगीन झाल्यापासनं तिच्या जिभंला मासं लागलं न्हवतं. आमचं मालक खातात, म्हनली, ढाब्यावर, आन् येताना तोंड धुऊन बडीशेप खाऊन येतात, माळकऱ्याचा पोरगा. मंग तिनं सासूला इचारलं, गोठ्याच्या मागं, लांब, तीन धोंडं मांडून, मातीच्या भांड्यात केलं तर? सासू म्हनली, करा बाई, पन भांडं तितंच फोडून टाका. आन् लेकराला माज्यापाशी ठेवा, तितं कोयता-बियता असंल.

म्हनून मी पोरीला ओसरीवर बाजंच्या पायाला बांदलं. नेहमीसारखं. मला त्यात काय वाटलंच न्हाय. हात आपसूक गाट मारून मोकळा झाला. आत्या तवा आत होती, तिनं ते मागनं बगितलं.

आमी गोठ्यामागं. मी मरळ साफ केली, तिनं लसून ठेचला, आन् तिचं डोळं पान्यानं भरले, लसनानं का कशानं. म्हनली, तिखट जास्त टाक, आपल्याकडं करतात तसं. रश्श्याला उकळी फुटत होती, तवा मला वाटलं, पोरीचा आवाज न्हाय. येरवी ती काय ना काय बडबडती. मी हात न पुसताच उटून ओसरीवर आले, आन् फडकं तसं पडलेलं बगितलं.

मैतरीन शेततळ्याकडं पळाय लागली. मी तिला धरलं. माजं डोस्कं त्या येळेला कसं चाललं मला म्हाईत न्हाय, पन चाललं. शेततळ्याला जायचं तर गोठ्यावरनं जावं लागतंय, आमी गोठ्यापाशीच होतो, आमाला दिसली असती. आन् ती वळत न्हाय. बाजंपासनं ज्या तोंडानं निगाली असंल त्याच तोंडानं गेली असंल. बाजंच्या सरळ फुडं अंगन, अंगनाच्या फुडं उसातली पाऊलवाट. मी म्हनलं, तिकडं न्हाय, हिकडं.

उसाला सकाळी पानी दिल्यालं. ओल्या मातीत पावलं होती. येवडीशी. मी खाली बसून बगितली, आन् तसल्या येळेलाबी मला नवल वाटलं, खरं सांगते, येक पाऊल बाजूला न्हाय. पाट आला तितं लेकरू बाजूनं जाईल का न्हाय? ही पाटातनंच गेलीय. ह्या अंगाला उतरलीय, त्या अंगाला चढलीय, हाताचे पंजेबी उटलेले. मी ती पावलं धरून पळाले. उसाचं पातं तोंडाला चिरत होतं ते मला मागनं कळलं. आत्याचा आवाज मागनं येत होता, देवाचं नाव घेत होती आन् मला शिव्याबी घालत होती, आन् सोताला बी.

ऊस संपला. पानी लांब होतं. सकाळी आमी जितं होडी लावली तितं खडकाळ होतं, पन ह्या बाजूला पानी मागं हटून निस्ता गाळ ऱ्हायला होता, वरनं वाळल्यावानी दिसनारा, भेगा पडलेला, आन् आत खीर. जनावरं अडकतात त्यात. आन् त्या गाळात, मला वाटलं टोपलं पालतं पडलंय, ती माजी पोरगी होती. कमरंपतोर आत. रडत न्हवती. तिच्या फुडं एक बगळा उबा होता, येक पाय वर करून, आन् ती त्याच्याकडं बगत होती आन् तो तिच्याकडं.

गाळानं तिला धरलं होतं. फडक्यानं धरावं तसं. त्याच्या फुडं पानी होतं.

मैतरीन माज्या आदी आत शिरली आन् मांडीपतोर गेली आन् वरडाय लागली. मी काठावर थिजले. मला पवता येत न्हाय, मला पान्याचं भ्या वाटतं, मी मदल्या लाकडाला धरून बसनारी बाई हाय. पन मी मालकांना बगितलं होतं, जाळं गाळात अडकलं की ते उबं जात न्हाईत. आडवं होतात. पोटावर, हात पसरून, पालीसारखं. मी तवा हसले होते त्यांना. मी लुगडं कासोट्यावानी मागं खोचलं आन् आडवी झाले. गाळ गार होता आन् वास येत होता, तोंडात गेला, डोळ्यात गेला. मी मैतरनीला निस्तं म्हनलं, हलू नगं, बस खाली, मागं लवंड. आन् सरपटत गेले. पोरीनं मला बगितलं आन् बगळ्याकडं बोट केलं. म्हनली, काऊ.

मी म्हनलं, व्हय, काऊ.

तिला उपसताना गाळ सोडत न्हवता. मी तिच्या बगलंत हात घातला आन् हळूहळू हलवलं, दात हलवतात तसं, आन् मंग फसकन आवाज करून सुटली ती. बगळा उडाला तवा ती रडाय लागली. आत्यानं उसाचं पाचट आनून टाकलं फुडं, पेंड्यांवर पेंड्या, त्यावर मैतरीन लोळत बाहेर आली, मंग आमी. तिगी गाळानं भरलेलो, आन् आत्या कोरडी उबी. तिनं माजी पोर माज्याकडनं घेतली न्हाय. मागं सरली. मला म्हनली, मला तिला हात लावायचं धाडस न्हाय बाई.

मालक आले तवा आमी न्हाऊन बसलो होतो. मी सगळं सांगितलं. त्यांनी आदी पोरीला उचललं, तिचं पाय बगितलं, बोटं बगितली, एकेक, आन् मंग रश्शाचं भांडं तसंच ऱ्हायलंय का म्हनून इचारलं. मैतरनीनं भांडं आनलं गोठ्यामागनं. गार झालेलं. मालक, मी आन् मैतरीन, गोठ्यामागं बसून खाल्लं. मी तर निस्तं भाकरी बुडवत होते. तिनं मातर काटं चोखून चोखून खाल्लं, आन् खाताना रडत होती, आन् म्हनत होती लई भारी झालंय गं.

आन् मंग तिनं ते म्हनलं. पोरगीला हितं ठेव. फुडं पानी रुंद हाय, तितं वारं सुटतं, तूच सांगितलंस. पावसाच्या आदी परतायचंच हाय, तवा घेऊन जा. आता ती पीत बी न्हाय. मी अंगावरनं खाली ठेवायची न्हाय तिला. आत्याबी दारात येऊन उबी ऱ्हायली होती. म्हनली, बाई, आता डोळं मिटायची न्हाय मी.

त्यांचं खरं होतं. फुडच्या रुंद पान्याचं मला सोप्नात भ्या वाटतं. तितं होडी उलटल्याची गोष्ट मालक मला सांगत न्हाईत, दुसऱ्यांकडनं कळती. काठावर घर हाय, दूद हाय, दोन बाया हायत. आन् होडीत काय हाय? मी हाय, जिला पवता येत न्हाय, आन् एक फाटकं लुगडं.

पन मला दुसरं बी दिसत होतं. हितं तिला कोन बांदनार? त्यांना कळलं, आज कळलं, पन उद्या घरात पावनं येतील, म्हशीचं काय निगंल, कुनाचा फोन येईल. मैतरीन चांगली हाय, आत्याबी चांगली हाय. पन ती पोर थांबत न्हाय हे त्यांच्या हाताला म्हाईत न्हाय. माज्या हाताला म्हाईत हाय. आन् हे मी त्यांना तोंडावर कसं म्हनू?

मी मालकांकडं बगितलं. ते म्हनले, "तू सांग." लगीन झाल्यापासनं कुटं जायाचं, काय टाकायचं, कवा परतायचं, ते त्यांनी ठरवलं. आन् नेमकं हे माज्यावर टाकलं.

मी म्हनलं, "नेते तिला."

मैतरनीनं पोरीचं तोंड पुसलं, परत पुसलं, पुसलेलंच पुसलं. म्हनली, माज्यावर इस्वास न्हाय म्हंजे. मी म्हनलं तसं न्हाय गं. ती म्हनली, तसंच हाय, बोल की. मी ओसरीवरचं फडकं गोळा करून घेतलं. होडी सुटली तवा ती खडकावर उबी होती, हात हलवला न्हाय, पन गेलीबी न्हाय, ठिपका होईपतोर उबीच.

तवापासनं दोनदा फोन केला मी. उचलला, म्हशीचं बोलली, उसाचं बोलली, पोरगीचं इचारलं न्हाय. परवा रुंद पान्यात वारं सुटलं, होडी अशी काय डुलली की मी डोळं मिटून पोरीला पोटाशी दाबून बसले, आन् त्या डोळं मिटलेल्यात मला तिची फरशी दिसत होती, चकचकीत, न हलनारी. मालक वल्हं मारतच ऱ्हायले. पोरगी हसत होती.

मी शिकलेली न्हाय, मला नीट सांगता येत न्हाय. पन मी रोज ह्याचाच इचार करते, भाकरी थापताना, जाळं सोडताना. आन् म्हनून तुमाला इचारते, तुमी आया असाल न्हायतर नसाल. जितं सगळं हाय पन थांबवनारं कुनी न्हाय, तितं ठेवली असती तुमी? का जितं काहीच न्हाय, खाली निस्तं पानी, तितं बरोबर नेली असती? तुमी काय केलं असतं?